मशीन बोंबलता, पण लाकूड फुटणा नाय

मे महिना लागला की माझा फोन वाजायला लागतो. पावसाळ्याच्या सरपणाची बेगमी, लग्नांच्या जेवणावळी, आंब्याच्या कॅनिंगचे बॉयलर, काजूवाल्यांच्या शेवटच्या भट्ट्या, सगळं एकाच महिन्यात येतं. नेमकं तेव्हाच वखारीतलं लाकूड फोडायचं हायड्रॉलिक मशीन मान टाकतं, आणि ते दुरुस्त करायला मला बोलावतात. मशीन साधं: मोटर पंप फिरवते, पंप टाकीतलं तेल लिव्हरच्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये ढकलतो, सिलिंडरचा दांडा बाहेर येतो आणि पाचर लाकडात घुसते. पलीकडचं वाक्यही ठरलेलं: “मशीन बोंबलता, पण लाकूड फुटणा नाय. पंप गेलो असतलो. नवीन घेऊन ये.”

मी पंप न घेताच जातो. पिशवीत प्रेशर गेज, पाने, ॲलन कीचा संच, इन्सुलेशन टेप आणि एक जाड पुठ्ठा असतो. पुठ्ठा कशाला ते पुढे येईल.

कणकवली, देवगड, कुडाळ या पट्ट्यात ही मशीनं मला जास्त दिसायला लागली ती २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेल्यावर. झाडं आडवी झालेली, आणि घण-पाचर घेऊन दिवसभर उभा राहणारा माणूस मिळेना. तेव्हापासून ही एकच तक्रार इतक्या वेळा निस्तरलीय की अर्धं निदान फोनवरच होतं. उरलेलं बरंचसं तुम्हाला स्वतःला करता येईल, फक्त क्रम सोडू नका. फुकटचं आधी, पाना लागणारं नंतर, खोलाखोली सगळ्यात शेवटी.

लक्षणं

“जोर नाही” या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळे आजार लपलेले असतात. म्हणून गेल्या गेल्या मी कशाला हात लावत नाही. एक ओंडका चढवायला सांगतो आणि कान देऊन उभा राहतो.

पाचर लाकडाला टेकते, थांबते, पण मोटरचा आवाज होता तसाच राहतो, तिला ओझं कळलेलंच नसतं. म्हणजे तेलाला कुठेतरी पळवाट आहे. तेल लाकडावर जोर लावायच्या ऐवजी परत टाकीत जातंय.

पाचर थांबते आणि व्हॉल्व्हमधून बारीक किंचाळी येते. हा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे ठरलेल्या प्रेशरला उघडून जास्तीचं तेल टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह, उघडल्याचा आवाज. एक तर तो कमी प्रेशरवर लागलाय, नाहीतर लाकूडच मशीनच्या कुवतीबाहेरचं आहे.

पाचर टेकताच मोटर घुरघुरते, स्टार्टर ट्रिप होतो किंवा इंजिन बसतं. इथे तेलाची बाजू ठणठणीत असू शकते, फिरवणारी बाजू कमी पडतेय.

लाकूड नसतानाही दांडा हळूहळू, झटके देत सरकतो आणि पंप रडल्यासारखा आवाज करतो. पंपाला पुरेसं तेल मिळत नाही किंवा तेलाबरोबर हवा जातेय.

सकाळी झकास, अकरा-बारा वाजले की लंगडं. तेल तापून पातळ झालं की आत कुठेतरी झिजलेल्या जागेतून निसटतंय.

आणि शेवटचं: रात्री लाइन दुरुस्त झाली, सकाळी मशीन लावलं, मोटर छान फिरते पण दांडा जागचा हलत नाही. याची गंमत वेगळी आहे, खाली सांगतो.

इथे एक हिशेब डोक्यात पक्का करा, पुढचं सगळं सोपं जाईल. दांड्याचा वेग पंप मिनिटाला किती तेल देतो यावर ठरतो, आणि दांड्याचा जोर प्रेशरवर. आमच्याकडचं नेहमीचं मशीन घ्या: साडेसात एचपीची थ्री-फेज मोटर, १४४० आरपीएम, एका फेऱ्याला ११ सीसी तेल देणारा गियर पंप, १०० मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर, दोन फुटांचा स्ट्रोक (दांड्याची पूर्ण धाव). पंप मिनिटाला साधारण सोळा लिटर देतो, म्हणजे दांडा पूर्ण बाहेर यायला अठरा-एकोणीस सेकंद लागतात. पिस्टनचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. गेजवर १७५ किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला) आले तर पाचरीवर पावणेचौदा टन येतात. तेच प्रेशर ९० वर अडकलं तर जेमतेम सात टन. आणि रिकामा दांडा दोन्ही वेळा तेवढ्याच सेकंदांत बाहेर येतो! म्हणून “चालता तर फास्ट, मग प्रेशर कसा कमी?” हा प्रश्न मला दर हंगामात ऐकावा लागतो.

मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि रिकामा स्ट्रोक मोजा. नवं असताना किती सेकंद लागायचे ते कुणी लिहून ठेवत नाही, पण वरच्यासारखा हिशेब तुमच्या मशीनच्या पाटीवरून काढता येतो. सेकंद बरोबर येत असतील तर पंपाकडे तेल नीट येतंय आणि पंप ते देतोय, निदान रिकामं असताना तरी. संशय पुढे सरकतो. सेकंद दीडपट झाले असतील तर संशय मागे, पंप आणि त्याच्या अलीकडे.

आधी लाकूड आणि पाचर

हसू नका. निम्मा दिवस फुकट घालवून मी हे शिकलोय. मशीन खरंच कमजोर झालंय की आज लाकूडच वेगळं आलंय? सरळ अकेशियाचा ओंडका आणि चिंचेचा गाठीचा बुंधा यांत जमीन-अस्मानाचा फरक. चिंचेचं पीळ पडलेलं लाकूड धाग्यांनी एकमेकांत विणलेलं असतं, ते फुटत नाही, फाटतं. किनाऱ्यावरचा सुरू ओला असताना बरा, वाळला की लोखंड. चाचणी नेहमी एकाच प्रकारच्या, सरळ धाग्याच्या, वीतभर जाडीच्या ओंडक्यावर करा. तो फुटत असेल तर मशीनला दोष देऊ नका. बुंधा मधोमध न धरता कडेकडेने ढलप्या काढत आत जा.

पाचरीच्या धारेवरून बोट फिरवा, अर्थात मशीन बंद करून. धार कुऱ्हाडीसारखी नको, पण गोल झालेली, मशरूमसारखी पसरलेली नको. मातीत लोळलेल्या ओंडक्यांनी आणि आत राहिलेल्या एखाद्या खिळ्याने ती अशी होते. ग्राइंडर फिरवायला दहा मिनिटं लागतात. चार फाळ्यांची पाचर लावली असेल तर ती काढून साधी लावून बघा. एका ओंडक्याचे एकदम चार तुकडे करायला जोरही तेवढाच जास्त लागतो.

तेल

दांडा पूर्ण आत घेऊन मगच पातळी बघा. दांडा बाहेर असताना टाकीतलं तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. तेव्हा पातळी कमी दिसते, माणूस भरतो, दांडा आत आला की टाकी वाहते. उलटंही होतं: वरून पुरेसं दिसतं, पण मशीन उतारावर उभं असतं आणि सक्शनचं (पंप तेल ओढतो त्या पाइपाचं) तोंड उघडं पडतं. आपल्याकडे अंगण सपाट मिळणं कठीण, म्हणून हे बघाच.

मग रंग. चांगलं तेल मधासारखं, पलीकडचं दिसेल असं. काळं आणि करपट वास येणारं तेल खूप वेळा तापलंय. दुधाळ, चहासारखं दिसलं तर दोन शक्यता: हवा किंवा पाणी. काचेच्या बाटलीत थोडं काढा आणि तासभर ठेवा. वरचा फेस बसून तेल स्वच्छ झालं तर हवा होती. तसंच दुधाळ राहिलं तर पाणी. खात्री हवी असेल तर जुना तवा अंगणात तापवा आणि लांबून एक थेंब टाका. एकच थेंब. पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडेल. घरातला तवा वापरलात तर पुढचं निवारण माझ्या हातात नाही.

पाऊस, दमट हवा आणि रात्री गार होणारी टाकी, या तिघांनी कोकणातल्या तेलात पाणी येतं. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पूर आला, त्यानंतर पाण्याखाली राहिलेल्या एका मशीनचा खालचा ड्रेन प्लग मी सैल केला तर आधी कळशीभर गढूळ पाणी आलं आणि त्यानंतर तेल. वरून बघणाऱ्याला टाकी भरलेली दिसत होती. पाणी जड, ते तळाशी बसतं, आणि सक्शनही तळाशीच असतो. असं तेल गाळून वापरायचा मोह टाळा. ते पंपाचे गियर आणि व्हॉल्व्हचा स्पूल (तेलाची वाट बदलणारी आतली सरकती दांडी) गंजवतं, वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट घालवतं.

नंबरही महत्त्वाचा. आपल्या हवेत ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल चालतं. हा आकडा ४० अंश सेल्सिअसला मोजलेल्या दाटपणाचा असतो. बाहेरून आलेल्या छोट्या इंजिनवाल्या मशीनच्या पुस्तकात कधी ३२ नंबर लिहिलेला दिसतो, तो थंड मुलखाचा हिशेब. मे महिन्यातल्या दुपारी ते पाण्यासारखं होतं, आणि “सकाळी चालता, दुपारी नाय” ही तक्रार तिथून येते. टाकीला तळहात लावून बघा. पाच सेकंद ठेवणं जड जात असेल तर तेल साठच्या आसपास गेलंय. अशा वेळी मशीनला चहा पिऊ द्या, तुम्हीही घ्या. इंजिन ऑइल, त्यातही गाडीतून काढलेलं जुनं, कृपा करून टाकू नका.

फिरवणारी बाजू

आता ती लाइनची गंमत. पावसात झाड पडतं, तारा तुटतात, जोडताना दोन फेज अदलाबदल होतात. थ्री-फेज मोटर मग उलट फिरते. थ्री-फेजवरचा पंखा, पिठाची गिरणी यांच्या बाबतीत माणसाला लगेच कळतं. गियर पंपाची मोटर मात्र आवाजावरून सरळच वाटते. उलट फिरणारा पंप टाकीतून तेल ओढायच्या ऐवजी टाकीत ढकलतो, आणि शाफ्टच्या सीलवर नको तिथे दाब येऊन ते बाहेर फेकलं जाऊ शकतं. मोटरच्या मागच्या जाळीतून पंखा कुठे फिरतो ते बघा आणि पंपावरच्या बाणाशी ताडा. उलट असेल तर त्याच सेकंदाला बंद. कुठलेही दोन फेज बदलले की काम झालं, पण ते वायरमनकडून. मालवणच्या बाजूला एका वखारवाल्याने अशाच उलट्या मोटरवर तासभर “प्रेशर धरतंय का” बघितलं. त्याचा पंप खरोखर गेला, आणि त्याला मी नवीन पंप विकला. एवढा एक.

व्होल्टेज कमी असेल तर इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घसरतो. ४१५ च्या जागी ३४० मिळाले तर टॉर्क दोन तृतीयांशावर येतो. संध्याकाळी वाडीतले पंप सुरू झाले की मशीन बसतं, रात्री दहानंतर चालतं, असं असेल तर पाना ठेवून द्या आणि मोटर ओझ्याखाली असताना वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्या. लांबवर ओढलेली बारीक केबल हेही तितकंच नेहमीचं कारण.

बेल्टवर चालणाऱ्यात बेल्ट घसरतो, पाचर टेकताच चीची करतो आणि रबर जळल्याचा वास येतो. ताण द्या, नाहीतर जोडीने बदला.

पेट्रोल किंवा डिझेल इंजिनवर बहुधा दोन टप्प्यांचा पंप असतो. रिकामं असताना दोन्ही गियरजोड्या तेल देतात, दांडा झपकन येतो. प्रेशर पस्तीस ते पंचेचाळीस किलोच्या आसपास गेलं की मोठी जोडी स्वतःला मोकळी करते आणि छोटी एकटी उरलेला जोर लावते. चांगल्या मशीनमध्ये पाचर टेकल्यावर वेग एकदम कमी झालेला दिसतो, तो बिघाड नव्हे. बिघाड म्हणजे वेग कमी न होता इंजिन दाबून बंद पडणं. मोठी जोडी मोकळी करणारा छोटा व्हॉल्व्ह अडकलाय. त्याआधी मात्र एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बघून घ्या, कारण दमट हवेत सहा महिने पडून राहिलेलं इंजिन अर्ध्या ताकदीने चालतं आणि बोल पंपाला लागतो.

मोटर आणि पंपाच्या मधलं कपलिंग उघडून त्यातला रबरी स्टार बघा. दात झिजून तो गोल झाला की मोटर पूर्ण फिरते आणि पंप अर्धवट. शाफ्टची चावी कापली गेली असेल तरी तेच. हा शे-दोनशेचा मामला असतो, आणि मी याच्यासाठी वीस-वीस किलोमीटर गेलोय.

पंप रडतो तेव्हा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मशीनं इथे अडकतात, आणि इथे सगळ्यात कमी लोक बघतात, कारण सक्शनच्या पाइपातून तेल गळताना दिसत नाही. तिथे पोकळी असते. तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सैल क्लॅम्पवर एक थेंब दिसणार नाही, पण टाकीत फेस असेल.

मशीन चालू असताना सक्शनच्या प्रत्येक जोडावर हायड्रॉलिक तेलच चमच्याने सोडा, हात कपलिंगपासून लांब ठेवून. एखाद्या जोडावर तेल पडताच पंपाचं रडणं क्षणभर थांबलं तर हवा तिथूनच जातेय. क्लॅम्प आवळा. उन्हाने कडक झालेला पाइप आवळूनही बसत नाही, तो बदला. बदलताना साधा पाण्याचा पाइप घालू नका. तो तापलेल्या तेलात मऊ होतो आणि पोकळीने आतून चपटा होतो. बाहेरून बघितलं तर गोल, आतून चिंचोळा.

टाकीतला सक्शन स्ट्रेनर काढा. वखारीत भुसा उडत असतो, आणि टाकीचं झाकण उघडं ठेवून “जरा तेल बघतो” म्हणणारे चार जण असतात. रॉकेलने किंवा डिझेलने धुवा, आतून बाहेर हवा मारा. जाळी फाटली असेल तर नवीन लावा. ती काढून टाकून मशीन चालवणं म्हणजे भुसा थेट गियरमध्ये सोडणं.

ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा जायचं भोक, बघायला विसरलो म्हणून देवगडजवळच्या एका कॅनिंगवाल्याकडे माझी पुरती फजिती झाली होती. तेल नवं, स्ट्रेनर धुतलेला, क्लॅम्प आवळलेले, तरी पंप दोन मिनिटांनी रडायचा. मशीन चार महिने पडवीत पडून होतं. तिथल्या आजी खुर्चीतून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, “कुंभारणीन घर केल्यानी हा बघ.” टाकीच्या झाकणावरचं भोक मातीने लिंपलेलं! कुंभारीण माशीने तिथे आपलं बिऱ्हाड थाटलेलं, बोटाच्या पेराएवढी मातीची कुपी, आणि आत तिच्या पिल्लांसाठी साठवलेले कोळी. दांडा बाहेर जाताना टाकीतली पातळी खाली जाते, तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती येईना, म्हणून टाकीतच पोकळी, आणि पंप उपाशी. झाकण सैल केलं तर “सुस्स” आवाज आला आणि मशीन धावायला लागलं. आजींनी पैसे विचारले नाहीत, पण एक फणस मला गाडीत टाकावा लागला. त्यांच्याच घरचा. हिशेब मला अजून समजला नाही.

तेव्हा पंप रडत असेल तर दोन मिनिटं टाकीचं झाकण उघडं ठेवून चालवून बघा. फुकटची चाचणी आहे.

पुठ्ठा

बाहेरची गळती शोधायला हात फिरवायचा नाही. ही एक गोष्ट मी ओरडून सांगतो. दीडशे-पावणेदोनशे किलोच्या प्रेशरने सुईएवढ्या भोकातून निघालेलं तेल दिसतही नाही आणि कातडीतून आत जातं. जखम मुंगी चावल्यासारखी, सुरुवातीला दुखतही नाही. काही तासांत बोट, हात काळा पडू शकतो. असं झालं तर तासभर वाट बघू नका, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि “हायड्रॉलिक तेल प्रेशरने आत गेलंय” हे शब्द तसेच सांगा. गळती पुठ्ठा फिरवून शोधायची, पुठ्ठ्यावर रेघ उमटते. आणि कुठलाही जोड सोडण्याआधी मोटर बंद करून लिव्हर दोन-तीनदा पुढे-मागे करा, अडकलेलं प्रेशर सुटतं.

गेज लावा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तरच आता पैसे खर्च करा. पंप आणि लिव्हर व्हॉल्व्हच्या मधल्या लाइनवर टी (तीन तोंडांचा जोड) टाकून ४०० किलोपर्यंतचा, ग्लिसरीन भरलेला गेज लावा. काही शेकड्यांत मिळतो. टी आणि होस मात्र हायड्रॉलिकच्याच, प्रेशरचा आकडा छापलेल्या. प्लंबिंगच्या दुकानातली टी फुटते.

दांडा पूर्ण बाहेर नेऊन टेकवा आणि लिव्हर दोन-तीन सेकंद धरा. त्याहून जास्त नाही, कारण त्या वेळी मोटरची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. टाकीत दोन मोठे गिझर एकदम सुरू केल्यासारखं. आकडा वाचा आणि मशीनच्या पाटीशी ताडा.

आकडा पूर्ण येतोय तर हायड्रॉलिक बरोबर आहे. परत लाकडाकडे आणि पाचरीकडे जा. आकडा कमी येतोय, मोटरला ओझं नाही, तर पळवाट तीनच ठिकाणी असू शकते: रिलीफ व्हॉल्व्ह, सिलिंडरचं पॅकिंग, पंप. लिव्हर व्हॉल्व्हचा स्पूल चौथा, पण क्वचित.

रिलीफ व्हॉल्व्हपासून सुरुवात करा, पण “अजून दोन आटे आवळ” म्हणून नव्हे. प्रेशर कमी येण्याचं कारण बहुतेकदा घाण असते. कुडाळच्या एका मशीनचा रिलीफ उघडला तर आतल्या सीटवर पांढऱ्या टेफ्लॉन टेपची, तांदळाच्या दाण्याएवढी गुंडाळी बसलेली. नवी होस लावताना कुणीतरी आट्यांवर नळासारखी टेप गुंडाळली होती, तिचा तुकडा वाहत येऊन सीट आणि तिच्यावर बसून तेल अडवणाऱ्या पॉपेटच्या मध्ये अडकला. व्हॉल्व्ह बंदच होईना, प्रेशर साठाच्या वर जाईना. चिमट्याने काढला, दुसऱ्या क्षणी १७०. मालकाने त्याआधी स्प्रिंग पूर्ण दाबून ठेवली होती. म्हणजे तुकडा एखाद्या धक्क्याने आपोआप निघाला असता तर प्रेशर कुठल्या कुठे गेलं असतं, आणि होस किंवा वेल्डिंग, जे आधी हार मानेल ते फुटलं असतं.

म्हणून: स्क्रू किती आटे बाहेर आहे ते मोजून लिहा, खोला, स्प्रिंग तुटलीय का बघा, सीट पुसा, तसंच जोडा. त्यानंतर गेजवर नजर ठेवून पाव-पाव आट्याने पाटीवरच्या आकड्यापर्यंत आणा, लॉकनट आवळा, थांबा. गेज नसेल तर या स्क्रूला हात लावायचा नाही.

रिलीफ साफ करूनही आकडा कमीच, तर सिलिंडर. दांडा पूर्ण बाहेर न्या, मोटर बंद, प्रेशर सोडा. दांड्याच्या बाजूची होस सिलिंडरपासून सोडा, होसच्या तोंडाला प्रेशरचा डमी प्लग लावा, सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली डबा धरून ठेवा. आत राहिलेलं तेल आधी ओघळून जाऊ द्या. मग माणसं बाजूला करून मोटर लावा आणि लिव्हर फक्त बाहेरच्या दिशेला दोन सेकंद. चुकूनही उलटा नाही, त्या बाजूला तेलाला जायला वाट नाही. उघड्या तोंडातून धार लागली तर पिस्टनचं पॅकिंग गेलंय, तेल पिस्टनला वळसा घालून निघतंय. थेंब-थेंब असेल तर सिलिंडर निर्दोष.

पॅकिंग बदलणं पंपापेक्षा कितीतरी स्वस्त, पण ते का गेलं ते बघा. दांडा पावसात बाहेर ठेवून गेलात तर खाऱ्या हवेने क्रोमवर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतात. नख फिरवलं की अडकतं. असा दांडा नवं पॅकिंगही महिन्याभरात कापतो. काम संपलं की दांडा आत, आणि दिसणाऱ्या भागावर ग्रीसचा हात.

इथे थांबा

सिलिंडरही निर्दोष निघाला, तर उरतो पंप, आणि इथे मी स्वतःही थांबतो. गियर पंपाच्या आतली फट केसाहून बारीक असते. घरच्या पान्यांनी उघडून पुन्हा लावलेला पंप पूर्वीसारखं प्रेशर देत नाही. तो घेऊन मी फोंडा घाट चढून कोल्हापूरला जातो, तिथे चाचणीच्या बाकावर लावून मोजतात, मगच दुरुस्ती की नवा ते ठरतं. सिलिंडरच्या आतून रेघा पडल्या असतील, दांडा वाकला असेल, होसचं टोक नव्याने दाबून घ्यायचं असेल, तरी तेच: हायड्रॉलिकच्या कारखान्यात द्या.

बीमला किंवा पाचरीच्या मागच्या प्लेटला वेल्डिंगपाशी केसासारखी चीर दिसली तर त्या क्षणी मशीन बंद. तिच्यावर वेल्डिंगचा एक मणी ओढून काम चालू ठेवणारे मी बघितलेत. चौदा टन त्याच मण्यावर येतात. भरलेल्या सिलिंडरवर किंवा टाकीवर वेल्डिंग कधीच नाही. आणि मोटरच्या पेटीतलं, फेजचं, स्टार्टरचं काम परवाना असलेल्या वायरमनचं.

नवा पंप बसलाच, तर जुनं तेल पूर्ण काढा, टाकी पुसा (चिंधीने नको, धागे सुटतात), स्ट्रेनर आणि रिटर्न फिल्टर नवे घाला, पंपाच्या तोंडातून तेल भरा आणि मोटर सुरुवातीला नुसती टिचकी मारल्यासारखी चालू-बंद करा. नव्याचा बाण जुन्याच्याच दिशेचा आहे ना, ते बॉक्स उघडतानाच बघा. दिसायला हुबेहूब, दिशा उलटी, असे पंप येतात.

गेज मात्र काढू नका. बॉल व्हॉल्व्ह मध्ये टाकून टीवर तसाच ठेवा आणि चालू मशीनचा आकडा आज खडूने टाकीवर लिहून ठेवा. पुढच्या मे महिन्यात फोन कराल तेव्हा “जोर नाय” म्हणण्याऐवजी “एकशे धावर अडकता, मोटर हलकी चलता” एवढंच सांगा. काय घेऊन निघायचं ते मी घरूनच ठरवीन.